वरचा फोटो आणि नवी बॉडी

कॅमेरा मृत्यूवर मात करतो.

हे वाक्य लक्ष्मणरावांनी स्वतः रचलं, वळणदार अक्षरात लिहिलं आणि तारनाक्याच्या आपल्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर फ्रेम करून लावलं. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाने भिंतीवर काय लावावं याला कुणाची हरकत नसते. अडचण एवढीच झाली, की हैदराबादच्या मराठी मंडळींनी ते वाक्य खरं धरलं.

सुरुवात साधीच होती. आमच्याकडे, म्हणजे निजामाच्या काळापासून इथे असलेल्या शेतीवाल्या घरांमध्ये, म्हातारं माणूस गेलं की आधी रडारड होते आणि मग फोटोची शोधाशोध. फोटो नसतोच. मग कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुपमधून चेहरा कापून मोठा करतात आणि त्याला हार घालतात. एका घरात तर आजोबांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला, अंगठीसकट. तो हात कुणाचा, यावरून दोन भावांचं अजून बोलणं बंद आहे.

लक्ष्मणरावांनी यावर तोड काढली. माणूस धडधाकट असतानाच त्याचा फोटो काढून ठेवायचा. पुतण्याने अमेरिकेहून आणलेला सहा मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा घरात होता, आणि वेळ तर होताच होता. याला तोंडावर कुणी हाराचा फोटो म्हणत नसे. 'वरचा फोटो' म्हणत. म्हाताऱ्यांनी धुतलेले कपडे घालून यायचं, गॅलरीत पांढऱ्या चादरीपुढे बसायचं, सत्यवतीबाईंच्या हातचा चहा प्यायचा आणि सीडी घेऊन घरी जायचं. फोटो छापायचा मात्र नाही. जिवंत माणसाचा तसला फोटो घरात असणं बरं नव्हे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सीडीत असला तर चालतो. सीडीत काय दिसतंय!

अशी काही वर्षं मजेत गेली. दोन हजार आठ साली मात्र सिकंदराबादच्या एका शोरूममध्ये लक्ष्मणरावांना नवी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, दिसली. "लेन्स वही रखो अंकल, बस बॉडी बदलो," असं विक्रेता म्हणाला, आणि लक्ष्मणरावांची झोप उडाली. बारा मेगापिक्सेल. अंधारात काढलं तरी चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे नाहीत. आणि मागे तळहाताएवढा स्क्रीन. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याचा स्क्रीन पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा. त्यात फोटोतल्या माणसाचे डोळे उघडे की मिटलेले, हेच कळायचं नाही. मिटलेल्या डोळ्यांचा वरचा फोटो कुणाला चालत नाही. आधीच मिटले असतील तर मग फोटो कशाला?

"आधी स्वतःचा डोळा बदला," सत्यवतीबाई म्हणाल्या. लक्ष्मणरावांना मोतीबिंदू होता. "मग कॅमेरा बदला."

"डोळा काय, कधीही बदलता येतो. या बॉडीवर ऑफर चालू आहे."

ते दर आठवड्याला शोरूममध्ये जाऊन ती बॉडी हातात घेत, पट्टा गळ्यात अडकवून बघत आणि परत ठेवत. पहारेकरी त्यांना सलाम करू लागला. दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यायची, असं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात मंडळींतले एकनाथराव गेले.

एकनाथरावांचं वय नव्वदच्या पुढे, साखर तीनशेच्या पुढे, आणि आदल्या रात्री एका लग्नात डबल का मीठा दोनदा मागून घेतलेला. पण या कशाकडेच कुणाचं लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं ते याकडे, की त्याच आठवड्यात त्यांनी आपला वरचा फोटो मिलिंदकडून काढून घेतला होता. मिलिंद म्हणजे पुण्याहून आलेला, माधापूरच्या कंपनीत सॉफ्टवेअर करणारा तरुण. लक्ष्मणराव ज्या बॉडीसाठी झुरत होते तीच त्याने सहज, चप्पल घ्यावी तशी घेतली होती.

तेराव्याच्या पंगतीत हिम्मतरावांनी पुरी खाली ठेवली. नारायणगुड्याचे हिम्मतराव मंडळींत सगळ्यांत वडील. ते बोलायला लागले की वाढपीसुद्धा थांबत.

"लक्ष्मणराव, तुमच्या कॅमेऱ्यानं फोटो काढलेलं आतापर्यंत कोण मेलंय?"

लक्ष्मणरावांनी आठवून बघितलं. सगळ्यांनीच आठवून बघितलं. कुणीच मेलं नव्हतं.

"मग?" हिम्मतराव म्हणाले आणि पुरी उचलली.

पुढच्या रविवारी वडीलधाऱ्यांचं शिष्टमंडळ तारनाक्याला आलं. लिफ्ट बंद होती. तीन मजले चढून मरायची तयारी होती, पण कॅमेरा बदलू द्यायची नव्हती.

"नवा कॅमेरा घ्यायलाव म्हणे?" हिम्मतरावांनी सोफ्यावर बसता बसता विचारलं.

"बॉडी फक्त. लेन्स जुनीच राहणार."

"नक्को. बॉडीतच जीव असतो."

सत्यवतीबाई पाणी घेऊन आल्या. "अहो काका, कॅमेऱ्याचा आणि मरणाचा काय संबंध?"

"तसं भिंतीवर लिहून कुणी ठेवलंय, सूनबाई? आम्ही?"

सगळ्यांनी फ्रेमकडे बघितलं. लक्ष्मणरावांनीही बघितलं. अक्षर खरोखर चांगलं आलं होतं.

ठरलं असं, की जुना कॅमेरा चालू राहील. नवी बॉडी घेतलीच तर तिने बारशी, मुंजी आणि हळदीकुंकू काढावं; साठीच्या पुढच्या माणसाकडे तिचं तोंड करू नये. पण दोन बॉड्या घरात ठेवायला सत्यवतीबाईंची परवानगी नव्हती. म्हणजे नवी येणार नव्हती.

लक्ष्मणराव दोन दिवस जेवले नीट नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिलिंद आला. त्याचीही अवस्था बरी नव्हती. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याने कॅमेरा वर केला की लोक पदराआड, खांबाआड, एकमेकांआड जात. एक बाई तर त्याला बघून मुलाला कडेवर घेऊन सरळ गाडीत जाऊन बसल्या होत्या.

"काका, मी हे असलं मानत नाही," तो म्हणाला.

"बरोबर आहे."

"म्हणजे अजिबातच मानत नाही. हा शुद्ध योगायोग आहे. गणिताने सिद्ध करून दाखवेन."

"दाखव."

मिलिंदने बॅग मांडीवर ओढली. "दिवाळीला बाबा येतायत पुण्याहून. त्यांना कुणीतरी वरच्या फोटोबद्दल सांगितलंय. काढूनच जाईन म्हणतात."

"मग काढ की. तुझा स्क्रीन बघ केवढा आहे."

मिलिंदने बॅगेतून नवी बॉडी काढली आणि टीपॉयवर ठेवली. "ही तुम्ही ठेवून घ्या. मला तुमची द्या."

"अरे, एवढा शिकलेला तू..." सत्यवतीबाई म्हणाल्या.

"काकू, बाबांच्या बाबतीत रिस्क कशाला?"

लक्ष्मणरावांनी नवी बॉडी उचलली. दुकानात उचलणं वेगळं आणि स्वतःच्या घरात उचलणं वेगळं. त्यांनी सत्यवतीबाईंकडे बघितलं. एक जाणार, एक येणार. घरात बॉडी एकच राहणार. बाईंना हरकत घ्यायला जागाच उरली नाही. राहता राहिले हिम्मतराव. लक्ष्मणरावांनी त्यांना फोन लावला.

हिम्मतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझा मागचा फोटो डोळे मिटलेला आहे की नाही?"

"आहे."

"मग आधी जुन्यानं माझा पुन्हा काढा. डोळे उघडे पाहिजेत. भिंतीवरून घरात कोण येतंय, कोण जातंय, दिसायला नक्को का? तेवढं झालं की कॅमेरा कुणाला बी द्या. बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

दसऱ्याला हिम्मतराव शेरवानी घालून आले. सोबत मुलगा श्रीकांत होता. त्याचं काचिगुड्याला हार्डवेअरचं दुकान होतं आणि ते उघडं टाकून तो आला होता, हे त्याच्या बसण्यातून कळत होतं. लक्ष्मणरावांनी पहिला फोटो काढला. डोळे मिटलेले. दुसरा, तिसरा, सगळे मिटलेले.

"खटका ऐकला की मिटतात," हिम्मतराव म्हणाले. "रझाकारांच्या बंदुकांच्या वेळेपासून. मी काय करू?"

"आता तर ते नाहीत ना."

"मला माहीत आहे. डोळ्यांना कोण सांगणार?"

शेवटी अदलाबदलीसाठी आलेल्या मिलिंदने युक्ती काढली. तो कानाशी उभा राहून टाळ्या वाजवू लागला, म्हणजे खटका कुठला आणि टाळी कुठली ते डोळ्यांना कळू नये. हिम्मतरावांचे डोळे आधी फडफडले, मग थकले आणि मग जे उघडले ते उघडेच राहिले. लक्ष्मणराव काढत सुटले. कॉम्प्युटरवर बघितलं तेव्हा सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले. असा फोटो मंडळींत कुणाचाच नव्हता. त्यात हिम्मतराव बघत नव्हते, जाब विचारत होते.

"हौ," हिम्मतराव म्हणाले. "आता ठीक आहे."

सीडी झाली. लक्ष्मणरावांनी तिच्यावर आपल्या वळणदार अक्षरात नाव घातलं. श्रीकांतने ती खिशात घातली आणि दुकान गाठलं. त्याच संध्याकाळी बॉड्यांची अदलाबदल झाली. लक्ष्मणरावांनी नवीला कुंकू लावलं, ते बटणात गेलं, आणि सत्यवतीबाईंनी कापसाच्या काडीने काढलं.

संक्रांतीच्या आधी हिम्मतराव गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता.

मंडळींत दोन तट पडले. एक म्हणे, फोटो जुन्याने काढला आणि तरी माणूस गेला, म्हणजे जुन्याचा गुण संपला. दुसरा म्हणे, कॅमेरा पुण्याच्या माणसाच्या घरात गेला म्हणूनच हे झालं, तो परत आणा. मिलिंदचे बाबा फोटो काढून पुण्याला परतले होते आणि ठणठणीत होते, पण तो पुरावा कुणी धरला नाही. पुण्याचे लोक जात नाहीत असं मत पडलं. निकाल काय लागेल त्यावर लक्ष्मणरावांची नवी बॉडी राहणार की परत जाणार हे अवलंबून होतं. तेराव्याला जेव्हा ते आणि मिलिंद नारायणगुड्याला निघाले, तेव्हा दोघांच्याही गळ्यात आपापला कॅमेरा होता. लागलाच निकाल विरुद्ध, तर तिथेच अदलाबदल करायची.

दारातच सगळे थबकले होते. वाट काढत लक्ष्मणराव पुढे गेले. चौरंगावर झेंडूचा भला मोठा हार, समोर उदबत्ती, आणि मध्ये फोटो. काळापांढरा, धुरकट, एका गालावर सरकारी शिक्क्याची अर्धी रेघ.

"हा कुठला?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"वोटर कार्डवरून मोठा केला," श्रीकांत म्हणाला. "ते पाकिटातच होतं."

"आणि सीडी?"

श्रीकांतने गॅलरीकडे बोट केलं. "कबुतरं लई परेशान करायलीत."

गॅलरीत दोऱ्याला टांगलेली सीडी हळूहळू फिरत होती. लक्ष्मणरावांचं अक्षर एकदा दिसे, एकदा जाई.

वोटर कार्डवरच्या फोटोत हिम्मतरावांचे डोळे मिटलेले होते.