सालीखालची हिरवी रेघ

मित्रांनो, वस्तीच्या कोठीचे दार उघडलेत की आधी रंगाचे डबे दिसतील, मग फुटकी बादली आणि त्या बादलीमागे तोंड खाली घालून बसलेली मी. मी एक जुनी खुरपी आहे. गंज बघून नाक मुरडू नका हं! एके काळी मी कुणाच्या हातात जाणार यावरून मुलांची भांडणे होत.

लोहाराने मला मालमोटारीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडवले. भट्टीत लाल केले, ऐरणीवर बदडले आणि पाण्यात बुडवले, तेव्हा मी असे काही चुर्र केले की त्याची मांजर दोन दिवस दुकानात फिरकली नाही. मूठ बसवून त्याने मला ताईच्या हातात दिले.

"जपून वापर पोरी," तो म्हणाला. "हिला आपलं-परकं कळत नाही. पुढ्यात येईल ते कापते."

मला वाटले, कौतुकच चालले आहे माझे.

ताई म्हणजे सुट्टीतल्या मुलांच्या पथकाची म्होरकी. वयाने मुलांहून फार मोठी नव्हती, पण आवाज असा खणखणीत की भटकी कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहावीत! शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की पथक जमायचे आणि वस्तीमागच्या उघड्या उतारावर राबायचे. त्या उताराची माती दर पावसाळ्यात घसरून खालच्या घरांच्या अंगणात यायची. म्हणून पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही तिथे रोपे लावली. खड्ड्यातली माती मी भुसभुशीत केली, ताईने प्रत्येक रोपाला ओळखीसाठी सैलसर लाल चिंधी बांधली. चिंध्या तिच्या घरच्या पडद्याच्या.

"पडदा गेला तुझ्या झाडांना," तिची आई करवादली, "आता माझी करपलेली भाजी समोरची काकू थेट बघते!"

उतार होता सरकारी. तिथे गाड्या उभ्या करायला जागा करायचे घाटत होते. कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी ताईला सांगून ठेवले होते, "पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः येईन. रोपं जगलेली दिसली तर उतार तुमचा. नाहीतर माझाही नाइलाज आहे."

ताईने वर्षभर बादल्या वाहिल्या. दुसरा उन्हाळा आला आणि रोपांची सगळी पाने गळाली. उरल्या नुसत्या काड्या. ताईने काय करावे? एकेका काडीपाशी बसून सालीवर हलकेच नख ओढले. खाली हिरवी रेघ!

"जिवंत आहे गं!" ती मला म्हणाली. हो, मलाच! मी तिची मैत्रीण असल्यासारखी.

मग नवे पथक आले. त्यात तोंडाचा पट्टा कधी बंद न होणारा एक मुलगा होता, त्याला सगळे पोपट म्हणत; आणि सगळ्यांना शिस्त लावणारी चष्मिश. ताईने त्यांना काड्यांबद्दल सांगितलेच नाही. बाईंसमोर हिरवी रेघ काढून दाखवायची आणि मुलांचे विस्फारलेले डोळे बघायचे, ही तिची हौस. "उद्या एक गंमत दाखवते," एवढेच ती म्हणाली.

पहिल्या दिवशी कचरा गोळा करायचा होता. "एक कपटा दिसता कामा नये!" ताईने बजावले. मुलांनी खरेच एकही कपटा ठेवला नाही. उन्हाने विटून पांढऱ्या पडलेल्या चिंध्याही पोत्यात गेल्या. ताईने फुगलेली पोती पाहिली, पाठी थोपटल्या. पोत्यात काय आहे ते तिने पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाईंना आणायला गेली. "तोवर पायऱ्यांजवळचं तण काढून ठेवा," म्हणाली. मुलांनी ते चुटकीसरशी संपवले.

"वरचा उतारही साफ करून टाकू," पोपट म्हणाला. "ताई बघून चाटच पडेल!"

"वर तर नुसत्या वाळक्या काड्या आहेत," चष्मिश म्हणाली.

"मग काय, काढायला सोप्या!"

मी पोपटाच्या हातात होते. पहिला घाव बसला आणि माझ्या पात्याला गार ओल लागली. मित्रांनो, मेलेल्या मुळाला ओल नसते. हे रोप मीच लावले होते. पण खुरपीला वाचा कुठली? होती ती फक्त धार, आणि लोहाराने ती चोख लावली होती.

ताई बाईंना घेऊन आली तेव्हा मुले घामाने निथळत, दात काढत उभी होती.

"बघा ताई! एकदम चकाचक!"

बाईंनी उतार वरून खाली पाहिला. "रोपं कुठं आहेत?"

"रोपं नव्हती बाई," चष्मिशने ढीग दाखवला. "वाळक्या काड्या होत्या. सगळ्या काढल्या."

ताई ढिगापाशी बसली. एक काडी उचलून तिने नख ओढले. हिरवी. दुसरी. हिरवी. तिसरीवर तिचा हात थांबला. पोपटाने मला हळूच पाठीमागे लपवले.

"सांगितलं का नाही तुम्ही?" चष्मिश रडत म्हणाली.

"गंमत करायची होती गं मला."

"आम्हालाही," पोपट पुटपुटला.

त्यांनी काड्या पुन्हा रोवल्या, अंधार पडेपर्यंत पाणी घातले. पण मुळे मी तोडली होती. एकही काडी फुटली नाही. बाई म्हणाल्या, "मला वाईट वाटतं बाळा, पण वरच्यांना मी काय दाखवू?" उतारावर आता गाड्या उभ्या राहतात. पथक मोडले. माती अजूनही खालच्या अंगणात येते. आणि मी? माझ्या टोकाने लोक रंगाचे डबे उचकटतात. टोक वाकले आहे.

परवा ताई तिच्याकडची कोठीची किल्ली परत द्यायला आली होती. बादलीमागून मला काढून तिने मांडीवर घेतले आणि सवयीने माझ्या लाकडी मुठीवर नख ओढले. खाली तपकिरी लाकूड. हिरवे कसे असणार? तरी बराच वेळ ती तिथेच बोट ठेवून बसली. मग मला जागेवर ठेवून निघून गेली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या हाती कधी पाते आले आणि समोर वाळकी काडी असली, तर आधी नख लावून बघा. आणि हिरवी रेघ तुम्हाला ठाऊक असेल, तर गमतीसाठी ती उद्यावर ठेवू नका. आजच सांगा.

माझ्या मुठीवर ताईच्या नखाचा ओरखडा अजून आहे. दार उघडून आत उजेड आला की मी तेवढाच बघते.