माणूस निघाला

ऑफिसात तिला सगळे चाळणीताई म्हणायचे, कारण तिच्या हातून खडा म्हणून सुटायचा नाही. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम नीट चालतो की नाही, हे तपासणारे प्रोग्रॅम लिहायचे हे तिचं काम. रोज सकाळी त्या चाचण्या आपोआप धावायच्या आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर निकाल लागायचा. सगळं ठीक असलं तर पडदा हिरवा, कुठे काही फसलं तर लाल. ज्याच्या कर्तृत्वाने पडदा लाल होई त्याच्या टेबलावर एक रबरी कावळा बसवायचा, अशी तिथली रीत होती. पुढचा गुन्हेगार सापडेपर्यंत कावळा हलायचा नाही. चांगल्या चांगल्यांच्या टेबलावर बसून आलेला तो कावळा चाळणीताईच्या टेबलावर मात्र कधी बसला नव्हता. याचा तिला नाही म्हटलं तरी तोरा होता.

ऑफिस बनवायचं ते एक बटण. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी ते गळ्यात घालायचं आणि पडलं, झडलं, छातीत दुखलं की दाबायचं. निरोप कंट्रोल रूमला जातो, तिथून मदतीला माणूस निघतो, आणि निरोप पोचल्याची खूण म्हणून बटणावर हिरवा दिवा लागतो. साधी गोष्ट. म्हणूनच ती चुकवायला हुशार माणसं लागली.

चाळणीताईची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. तिने उभा जन्म बाजारात भाजी विकली होती. गाळा सुटला, पण आवाज सुटला नाही. तळमजल्यावर बसून ती तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याला वेळ विचारायची, आणि मधले दोन मजले मुकाट्याने ऐकून घ्यायचे. लेकीने पहिल्यांदा बटण आणलं तेव्हा तिने ते चिमटीत धरून नासक्या वांग्यासारखं उलटंपालटं करून पाहिलं.

"हे लोढणं कशाला गळ्यात?"

"आई, पडलीबिडलीस तर?"

"पडले तर हाक मारीन. माझ्या हाकेनं मेलेलं माणूस उठून बसेल."

"आता हाका मारायच्या नाहीत. दम लागतो तुला, डॉक्टरांनी सांगितलंय ना? हे दाबायचं. हिरवा दिवा लागला की समजायचं, माणूस निघाला. मग गप पडून राहायचं."

"तू तपासलंयस हे?"

"मीच तपासलंय."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि तिने बटण गळ्यात घातलं. ज्या बाईने आयुष्यात दुसऱ्याच्या वजनकाट्यावर कधी भरवसा ठेवला नाही, तिने एवढ्या दोन शब्दांवर ठेवला.

आता यात एक गोम होती. चाचण्या रोज धावणार म्हणजे कंट्रोल रूममध्ये रोज खोटे निरोप वाजणार. सुरुवातीला तसंच व्हायचं. एके दिवशी तिथली बाई फोनवर अशी कडाडली, की टीमचा मुख्य, ज्याला सगळे पाठीमागे मुकादम म्हणायचे, तो फोन कानापासून हातभर लांब धरून 'हो हो' करत राहिला. तेव्हा चाळणीताईने एक खोटी कंट्रोल रूम लिहिली. एवढासा प्रोग्रॅम. कुठलाही निरोप आला की 'मिळाला' म्हणायचं, बस्स. चाचणीतलं बटण खोट्या खोलीला हाक मारायचं, खोटी खोली ओ द्यायची आणि पडदा हिरवा व्हायचा. कामच इतकं बेमालूम होतं की ती खोली खोटी आहे हे हळूहळू सगळे विसरले. चाळणीताईही विसरली, आणि तिला विसरायची मुभा नव्हती.

पुढे कधीतरी त्याच बाईचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज मऊ होता. "ताई, आमची सिस्टीम बदललीय. तुमचं सगळं नीट चालतंय का, तेवढं बघून सांगा." चाळणीताईने सगळ्या चाचण्या धाववल्या. पडदा हिरवागार झाला. "चालतंय," तिने कळवलं, आणि ती चहाला गेली.

आई पडली ती सकाळी, न्हाणीघरात. मांडीचं हाड मोडलं. तिने बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, आणि लेकीने सांगितल्याप्रमाणे ती ओल्या फरशीवर गप पडून राहिली. वर शिंपी मशीन चालवत होता. त्याची बायको जिन्यातून दोनदा वर-खाली करून गेली. एका हाकेचं काम होतं. संध्याकाळी शिंपी दुरुस्तीला टाकलेल्या उशीच्या खोळी द्यायला आला. दार कोणी उघडेना म्हणून मागच्या खिडकीशी जाऊन त्याने कान दिला, तेव्हा आतून बारीक आवाज आला, "निघाला का माणूस?"

"अहो, एक हाक मारली असती आजींनी तर धावत आलो असतो," शिंपी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मला तर वाटलं आज गावाला गेल्यात. इतकी शांतता!" तो भला माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. चाळणीताईला मात्र प्रत्येक शब्द लागत होता आणि कुठे तोंड लपवावं हे कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हाडाचं बघता येईल, पण दिवसभर गारठ्यात पडून छाती भरलीय, या वयात काही सांगता येत नाही. आईचा आवाज तर गेलाच होता. त्या गळ्यातून आता नुसती कुजबुज यायची.

दुसऱ्या दिवशी चाळणीताई ऑफिसात गेली. तिने एकच नवी चाचणी लिहिली: खोटी खोली बाजूला ठेवायची, खऱ्या कंट्रोल रूमला निरोप धाडायचा आणि माणूस निघतो का ते बघायचं. पडदा लाल झाला. तिने कावळा उचलून स्वतःच्या टेबलावर ठेवला आणि कंट्रोल रूमच्या बाईला फोन लावला.

"निरोपात मजल्याचा नंबर नाही ना तुमच्या," बाई म्हणाली. "नव्या सिस्टीमला तो लागतो. नसला तर ती 'मिळाला' म्हणते आणि निरोप बाजूला टाकते. तुम्ही तर सांगितलं होतंत, चालतंय म्हणून."

"बाजूला किती पडलेत?"

पलीकडे कीबोर्ड खटखटला. "ढीग आहे, ताई."

तिने मुकादमाला सगळं सांगितलं. तो वरच्यांशी बोलून आला आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

"मजल्याचे नंबर आपल्याकडे नाहीतच," तो म्हणाला. "एकेका घरी विचारावे लागतील. महिने जातील."

"मग तोवर सगळ्यांना कळवा, की बटणावर विसंबू नका. ओरडा म्हणावं. शेजाऱ्यांना हाका मारा म्हणावं."

"वरचे म्हणतात, वकिलांना विचारल्याशिवाय बाहेर एक अक्षर जायचं नाही. आणि उद्या एक नवं गिऱ्हाईक पडदा बघायला येतंय. ही चाचणी तात्पुरती वगळ."

"मी नाही वगळणार."

"बरं, राहू दे. तू आईकडे जा. मी बघतो." त्याने तिचा कीबोर्ड स्वतःकडे ओढून चाचणी वगळली. पडदा हिरवा झाला. मग त्याने जाता जाता तिच्या टेबलावरचा कावळा उचलला. "आता कुठे लाल आहे," तो हळूच म्हणाला. त्याला ती मायाच वाटत असावी.

त्या दुपारीच तिची रजा मंजूर झाली आणि तिचा पासवर्ड बंद झाला. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते सगळं आत राहिलं. कुठल्या कुठल्या घरांत म्हातारी माणसं गळ्यात तिचं 'चालतंय' घालून बसली होती, हे कळायला तिला मार्ग नव्हता.

हॉस्पिटलात आईला टेकवून बसवलं होतं. शेजारच्या खाटेवर तिच्याच वयाची एक म्हातारी होती, तिला विचारणारं कोणी नव्हतं. चाळणीताईने आईचा हात हातात घेतला आणि सांगून टाकलं. "आई, तो दिवा खोटा होता. निरोप कोणाला गेलाच नव्हता. मी नीट तपासलं नाही. माझ्यामुळे झालं हे."

आई कुजबुजली, "काहीतरीच तुझं. लागला होता हिरवा, मी बघितला की. माणूस निघाला असणार. वाटेत अडकला बिचारा."

"आई, अगं ऐक..."

"तू तपासलं होतंस ना? मग झालं तर."

चाळणीताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती आईच्या गळ्यातलं बटण काढायला गेली, तर आईने ते मुठीत घट्ट धरून ठेवलं. त्या मुठीत अजून वजन उचलणाऱ्या बाईचा जोर होता. मग आई शेजारच्या खाटेकडे वळली आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली, "माझ्या लेकीनं केलंय हे. तुमच्यासारख्या एकट्या बाईनं घ्यायलाच पाहिजे. थांबा, दाखवते."

तिने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

"बघा," आई म्हणाली. "निघाला माणूस."

आणि दोघी म्हाताऱ्या दाराकडे बघत बसल्या.