संकष्टीचे बोंबील

खारघरच्या सोसायटीत आई डबे पुरवायची. ऑर्डर घेणारा प्रोग्राम दर गिऱ्हाइकाला नव्याने सुरू व्हायचा आणि रखडायचा, म्हणून तिच्या मुलाने, केयूरने, त्यात एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, बसवली. आता प्रोग्राम जागाच राहून एकामागून एक ऑर्डरी घेऊ लागला. फक्त आधीची ऑर्डर पुसायला केयूर विसरला, त्यामुळे ती पुढच्याच्या ऑर्डरीला चिकटू लागली. आईने नावं न बघता नुसते फ्लॅट नंबर आणि पदार्थ बघून डबे भरले. ऐन संकष्टीला चेअरमन सुभाषकाकांच्या साबुदाणा खिचडीसोबत, त्यांच्या आधी ऑर्डर दिलेल्या शेजारच्या भावेशचे तळलेले बोंबीलही गेले.

"मेल्या, आता डबे बंद करतील आपले!" आईने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात काका उभे, हातात घासूनपुसून लख्ख केलेला डबा.

"केयूर, तुझा प्रोग्राम बिघडलाय," ते हळूच म्हणाले. "काकू माहेराहून येईपर्यंत दुरुस्त करू नकोस."