मलमलीचा तुकडा आणि सहाचा फोन

साल एकोणीसशे ब्याण्णव. त्या साली माझ्या अंगावर एक काळा डाग पडला. बाकीचे सगळे डाग विटकरी आहेत, तो एकच काळा. मित्रांनो, मी एक जुना मलमलीचा तुकडा आहे, आणि माझी हकिगत त्या एका डागाभोवती फिरते.

माझा जन्म कापडाच्या गिरणीत झाला. एका पांढऱ्याशुभ्र ताग्याचे मी अगदी शेवटचे टोक. ताग्यातून कुणाची झबली झाली, कुणाचे सदरे झाले. दीड हात उरलो, तो मी. कापडवाला म्हणाला, "याचं काय होणार? घेऊन जा ताई, वर म्हणून." अशा रीतीने मी फुकटात ताईंच्या घरी आलो. माझे भाऊबंद कुठे गेले, मला पुढे कधीच कळले नाही.

ताईंचे रस्त्याला लागून एका खोलीचे दुकान होते. आरशासमोर एक उंच खुर्ची, कोपऱ्यात मोरी, ओट्यावर लोखंडी कढई. ताई बायकांच्या केसांना मेंदी लावत. तिथे मला तीन कामे होती.

नवी पावडर आली की ताई ती आधी हुंगत. वाळल्या गवतासारखा वास आला, तरच पुढची गोष्ट. मग चिमूटभर पावडर बोटांत चोळत. वाळू मिसळलेली असेल तर बोटांना कळतेच. मग माझा एक कोपरा ओला करून त्यावर चिमूट ठेवत. लगेच हिरवे पाणी पसरले की, "रंग घातलाय मेल्यानं!" म्हणत पुडा परत. खरी मेंदी सावकाश, आढेवेढे घेत नारिंगी डाग सोडते. ताई म्हणत, "फार हिरवीगार दिसते ना, ती मेंदी नव्हे, ते सोंग." हे माझे पहिले काम.

दुसरे काम वस्त्रगाळ करण्याचे. मला कढईच्या तोंडावर ताणून बांधत आणि पावडर हलक्या हाताने माझ्यातून गाळत. काड्या, शिरा, कचरा माझ्यापाशी राही आणि खाली पिठासारखी मऊ मेंदी पडे. ती रात्रभर चहाच्या पाण्यात भिजे.

तिसरे काम मला सर्वांत आवडे. मला स्वच्छ धुऊन मेंदी लावलेल्या डोक्याला गुंडाळत. तीन-तीन तास मी लोकांच्या डोक्यावर बसलो, पण कुणी तक्रार केली नाही. असे भाग्य मोठमोठ्या साहेबांनाही लाभत नाही!

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बरोबर दोन वाजता एक बाई येत. त्या टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षे त्यांनी लोकांचे फोन जोडून दिले होते. दारातून आत येतानाही त्या "हॅलो" म्हणत, म्हणून सगळ्या त्यांना हॅलोबाई म्हणत.

"या हॅलोबाई. लाइन मोकळी आहे," ताई म्हणत.

"तुमची काय ती मोकळी! अर्ध्या गावाच्या बातम्या अडकल्यात तिच्यात."

मग दोघींच्या गप्पा सुरू होत. कुणाची सून कशी, कुणाचे दात बसवले, एक्सचेंजच्या साहेबांची झोप कशी लागे. मी हॅलोबाईंच्या कानांवरून गुंडाळलेला, त्यामुळे सगळे ऐकत असे. हसताना त्यांचे डोके गदगदा हले आणि मी सैल होई. ताई मला पुन्हा घट्ट बांधत आणि बांधताना त्यांचा हात हॅलोबाईंच्या कपाळावर जरा वेळ टेकलेला राही. त्या वेळी हॅलोबाई डोळे मिटून घेत.

साडेपाच वाजले, की त्या घड्याळाकडे बघत. "धुवा आता. मला सहाला फोन असतो."

"कुणाचा हो?"

"असतो एक."

ताईंना वाटे, परगावी कुणी भाऊ असेल, भाची असेल. त्या घाईघाईने केस धुऊन देत.

एके गुरुवारी नळाला पाणी आले नाही. ताई म्हणाल्या, "अशाच जा घरी, तिथे धुवा. माझ्यापायी फोन नको चुकायला." असा मी हॅलोबाईंच्या डोक्यावर बसून त्यांच्या घरी गेलो.

एक खोली. एक पलंग, एक खुर्ची, एक कप. टेबलावर काळा, जड टेलिफोन. निवृत्तीच्या दिवशी एक्सचेंजने दिलेला. सहा वाजले. घंटा वाजली नाही. हॅलोबाईंनी मला कानावरून जरा वर सारले, फोन उचलला आणि नितळ आवाजात म्हणाल्या, "हॅलो, एक्सचेंज. कुठला नंबर हवा? थांबा, जोडून देते." मग नुसत्याच ऐकत बसल्या. थोड्या वेळाने, ट्रंक कॉलची तीन मिनिटे संपली की एक्सचेंजमधून विचारत तसे, म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

आणि स्वतःच हळूच उत्तर दिले, "नको."

मित्रांनो, त्या फोनची तार भिंतीपर्यंत गेलेलीच नव्हती. ती गुंडाळून, रबर लावून फोनच्या मागे ठेवली होती. इतरांचे फोन जोडता जोडता त्यांनी स्वतःच्या घरी फोनची जोडणी घेतलीच नव्हती. हे फक्त मला ठाऊक होते, आणि कापडाला तोंड नसते.

मी धुऊन ताईंकडे परत आलो. त्याच सुमारास पावडरीचे नमुने घेऊन एक विक्रेता ताईंकडे आला. "दहा मिनिटांत काळेभोर! ताई, जग कुठं चाललंय आणि तुम्ही कढई घेऊन बसलाय!"

ताईंनी माझा कोपरा ओला केला. चिमूट ठेवताच तिथे काळा डाग पडला. ताईंच्या कपाळावर आठी आली. "मेंदी काळी नसते आणि तिला इतकी घाईही नसते," त्या म्हणाल्या. मी मनात म्हटले, सुटलो. पण मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "एक जण आहेत माझ्याकडे. त्यांचा सहाचा फोन असतो. फार धावपळ होते बिचारीची." आणि त्यांनी एक पुडा ठेवून घेतला. आधी स्वतःच्या मनगटावर लावून एक दिवस थांबल्या. काही झाले नाही. आपल्याला सोसले म्हणजे हॅलोबाईंनाही सोसेल, असे त्यांनी धरले. माणसाचे अंग म्हणजे काही कापडाचा तागा नव्हे, सगळीकडे सारखा असायला. आयुष्यभर पावडर पारखणाऱ्या ताई एवढे एकदाच चुकल्या आणि चुकल्या त्या मायेपोटी.

त्या गुरुवारी पाऊण तासात सगळे आटोपले. मला कुणी डोक्याला गुंडाळलेही नाही.

"झालं?" हॅलोबाईंनी विचारले.

"झालं! आता आरामात जा. फोन चुकायचा नाही."

हॅलोबाई उठल्या. दारात थांबून त्यांनी घड्याळाकडे पाहिले, पावणेतीन झाले होते. पण त्या नुसते "बरं" म्हणून गेल्या.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. बाजारात कुणीतरी सांगितले, की हॅलोबाईंचे कपाळ आणि कान लाल होऊन सुजले होते, डॉक्टरांनी मलम दिले. घरी येताच ताईंनी तो पुडा फेकून दिला. दोन वाजले की त्या दाराकडे बघत. मी खिळ्यावर लटकलेला असे. दोघेही कोरडे.

शेवटी एका संध्याकाळी ताईंनी वाटीत थोडी भिजलेली मेंदी घेतली, वर मला झाकले आणि विचारत विचारत ते घर शोधले. दाराशी पोहोचलो आणि सहा वाजले. ताई पायरीवरच थांबल्या. फोन चालू असताना आत कसे जायचे?

दार लोटलेले होते. आतून आवाज आला, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" आणि मग, "नको."

ताईंनी दार ढकलले. फोन पाहिला. रबर लावलेली तार पाहिली. हॅलोबाईंनी फोन खाली ठेवला आणि मान फिरवली.

ताई तारेबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. "चुकले मी," एवढेच म्हणाल्या. "तुमचं कपाळ सुजलं माझ्यामुळे."

"खाज काय, चार दिवसांत गेली," हॅलोबाई म्हणाल्या. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "पण तीनला घरी पोचले मी! भर तीनला! तिथून रात्रीपर्यंत माणसानं करायचं काय?"

ताईंनी मला बाजूला करून वाटी टेबलावर ठेवली.

"ही साधी मेंदी," ताई म्हणाल्या. "आज कानामागे एक ठिपका लावून बघू. काही झालं नाही तर उद्या दोनला या."

"उद्या कुठे गुरुवार आहे?"

"नसू दे."

दुसऱ्या दिवशी कानामागे नारिंगी ठिपका होता, पण खाज नाही की सूज नाही. ताईंनी मानेपासून एकेक बट उचलून मेंदी लावली, मला घट्ट बांधले. साडेपाच वाजले. ताईंनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हॅलोबाई, तीन तास झाले. वाढवायचे का?"

हॅलोबाई आरशात ताईंकडे बघत राहिल्या. ताई मागे उभ्या होत्या, तिथून माझ्या कडेवर काहीतरी ओले टपकले. ते पाणी मेंदीचे नव्हते.

"वाढवा," त्या म्हणाल्या.

आता सगळ्यांचे काय झाले ते सांगतो. तो विक्रेता पुढे मोठा दुकानदार झाला, पण त्याच्या स्वतःच्या डोक्यावर रंगवायला काही उरले नाही. हॅलोबाई आणखी अकरा वर्षे येत राहिल्या आणि एका थंडीत शांतपणे गेल्या. ताईंची बोटे आखडली, दुकान बंद झाले. त्या आता पुतण्याकडे असतात. कढईत त्यांनी झाड लावले आहे. खिडकीत तो काळा फोन आहे, तार अजून रबरात, आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर मी. कधी कधी सहा वाजता ताई मला बाजूला करतात, फोन कानाला लावतात आणि काही न बोलता पुन्हा ठेवून देतात.

मित्रांनो, मेंदी घ्याल तेव्हा आधी हुंगा, ओल्या पांढऱ्या कापडावर पारखा, वस्त्रगाळ करा आणि जिला लावायची तिच्याच कानामागे ठिपका लावून एक दिवस थांबा. आणि कुणी घड्याळाकडे बघून "मला फोन असतो" म्हणाले, तर कुणाचा म्हणून विचारू नका. त्या दिवशी मेंदी डोक्यावर थोडी जास्त वेळ राहू द्या.