शिजलेल्या पेशी

मोठ्या बाईंनी चहा पिता पिताच निकाल लावला. "तीन वर्षं झाली, छोटीबाई. साखर जोडणारं एन्झाइम या पेशींत नाहीच, आता मान्य कर. आज सगळे फ्लास्क मोकळे करायला दे. फ्लास्क हलवत ठेवणारा तो शेकर दुसऱ्याला हवाय."

"पण बाई, मग विष पाजूनही त्या मरत का नाहीत?"

"डोस कमी पडत असेल," बाई म्हणाल्या आणि कप ठेवून निघून गेल्या.

प्रयोगशाळेत बाई दोन, म्हणून या संशोधक विद्यार्थिनीला छोटीबाई हे नाव पडलं. वय चौतीस, उंची बेताची आणि चिकाटी घोरपडीची. एका पानाच्या तुकड्यापासून वाढवलेल्या या पेशी दर तीन आठवड्यांनी नव्या खाद्यात हलवाव्या लागत. त्यापायी तिने सख्ख्या भावाच्या लग्नातून जेवणाआधी पळ काढला होता, आणि आई ते अजून ऐकवते.

प्रयोग सांगायला सोपा होता. पेशींना फिनॉल जातीचं एक कडू द्रव्य द्यायचं. ते त्यांना विषच. पण योग्य एन्झाइम असेल, तर ते त्या विषाला साखर चिकटवतं आणि विष निमूट आत पडून राहतं. छोटीबाई पेशी गाळायची, धुवायची, खलात हळूहळू, जपून घोटायची आणि तपासायची. दर वेळी कडू द्रव्य जसंच्या तसं सापडायचं. साखर जोडलेल्याचा पत्ताच नाही.

कालच विष पाजलेले चौदा फ्लास्क तिने मामांच्या हवाली केले. प्रयोगशाळेतले मदतनीस मामा दाबाच्या वाफेने जंतू मारणारा ऑटोक्लेव्ह सांभाळत आणि त्याला कुकर म्हणत. "मामा, मी बघायला थांबत नाही," ती म्हणाली आणि मागच्या बाकावर जाऊन मनसोक्त रडली.

दुपारी डोळे धुऊन ती परतली. मामा जेवायला गेले होते. धुण्याच्या खोलीत शिजलेले फ्लास्क निवत ठेवले होते. ती एकेक मोरीत ओतू लागली आणि तिचा हात थांबला. लगदा फिकट पिवळा होता. तिच्या खलात हाच लगदा पाच मिनिटांत चहासारखा काळपट व्हायचा.

कच्चा बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो, उकडलेला पडत नाही. घरात हजारदा पाहिलेली गोष्ट, पण इथे अक्कल गहाण ठेवली होती. पेशी फुटली की आतली एन्झाइमं मोकाट सुटतात. त्यातलं एक काळं करतं, तर जोडलेली साखर तोडणारंही एखादं नसेल कशावरून? जपून, हळूहळू घोटून तिनेच त्याला भरपूर वेळ दिला होता. वाफेने सगळ्यांचाच एका दमात निकाल लावला होता.

तिने लगद्याचं पाणी काचपट्टीवर टेकवलं, शेजारी साखर जोडलेल्या द्रव्याचा विकतचा नमुना, आणि पट्टी द्रावकात उभी केली; द्रव्य एकच असेल तर दोन्ही ठिपके सारखेच वर चढतात. पाऊण तासाने पट्टी दिव्याखाली धरली. दोन ठळक ठिपके, अगदी एका रेषेत. तिच्या पेशी तीन वर्षं इमानाने साखर जोडत होत्या. तिला इतका आनंद झाला की ती स्टुलावर बसलीच.

आणि लगेच तिच्या लक्षात आलं. सगळ्या तर शिजवल्या. दुसरीकडे कुठे एक थेंबही ठेवला नव्हता.

ती धावत शेकरच्या खोलीकडे गेली. मामा दारातच उभे होते आणि आत शेकर घुमत होता. त्यावर दोन फ्लास्क गरगरत होते.

"रागावू नका," मामा म्हणाले. "कुकरमध्ये बाराच मावतात. हे दोन उद्या लावतो."

"मग शेकर का चालू ठेवलात?" तिने विचारलं.

"थांबवला की गुदमरतात, तुम्हीच सांगता ना? म्हटलं, उद्या जायचंय तर जातील. आज कशाला जीव घुसमटवायचा?"

छोटीबाईने दाराची चौकट धरली, हसली, रडली, आणि मामांना म्हणाली, "मोठ्या बाईंना बोलवा. आणि येताना एक बटाटा आणा."