आरशांचा घागरा

गुंजनने घागऱ्याच्या कमरेला तिसरी पिन लावली, तशी इल्डिकोने ती काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"हे माझं नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "मी काळ्या सूटमध्येच वाजवते."

मार्कहॅमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम सुरू व्हायला आला होता. 'हजार वर्षांपूर्वी हरवलेले आपले बांधव' म्हणून टोरांटोच्या या रोमा, म्हणजे भारतातून युरोपात गेलेल्या जिप्सी समाजातल्या, व्हायोलिनवादक बाईंना बोलावलं होतं. जन्म हंगेरीतला, नोकरी शाळेत संगीत शिकवायची, डोळ्यांवर जाड चष्मा. मंडळाच्या लताकाकूंनी त्यांच्यासाठी आरसे लावलेला घागरा आणि खंजिरी मुद्दाम मागवली होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण समोरच्याला ती हौस आहे का, हे विचारायचं काकूंना सुचलंच नाही.

"अगं, प्लेन सूटमध्ये कोण ओळखणार हिला?" काकू गुंजनवर वैतागल्या. "सिनेमात कशा दिसतात त्या! तूच कन्व्हिन्स कर, माझं काही ऐकत नाही ती."

गुंजनने तोंड उघडायच्या आतच इल्डिकोने मान हलवली.

"बुडापेस्टला हॉटेलवाले असलेच कपडे द्यायचे. पोटासाठी माझ्या वडिलांनी लाल बंडी घालून वाजवलं. लोक टाळ्या वाजवायचे आणि मग आपापली पाकिटं चाचपायचे. इथे तरी नको."

"आपल्या माणसांत आलीये आणि नखरे बघ!" काकू मराठीत पुटपुटल्या. "नुसता डोंबाऱ्याचा खेळ चाललाय."

पिन गुंजनच्या बोटात रुतली. काकूंच्या तोंडी हे नेहमीचंच होतं. नातवंडांनी घर डोक्यावर घेतलं की हमखास यायचं. त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला आल्यापासून गुंजनने ते दर वेळी मुकाट गिळलं होतं. कॅनडात कायम राहायचा परवाना, पीआर, मिळेपर्यंत असं छप्पर दुसरीकडे मिळालं नसतं. शिवाय काकू मायाही खरीखुरी करायच्या, आणि तिला जास्त राग त्याचाच यायचा.

"तुम्ही म्हणता, आपण एकाच रक्ताचे," इल्डिकोने काकूंना विचारलं. "मग तिकडे माझे नातेवाईक कोण?"

काकू गडबडल्या.

"म्हणजे... आर्टिस्ट लोक. व्हेरी कलरफुल! गुंजन, सांग ना गं."

गुंजनने पिना डबीत टाकल्या. झाकण लागेना, तेव्हा ते तसंच सोडलं.

"खात्रीनं कुणालाच माहीत नाही," ती इल्डिकोला म्हणाली. "पण काही जण म्हणतात, डोंबारी. गावोगाव दोरीवर चालून दाखवणारे. माझे आजोबा चालायचे."

इल्डिकोने सूटवर चढवलेला घागरा उतरवून त्याची नीट घडी घातली आणि पुढे केली. काकूंनी हात पुढे केला नाही. त्या गुंजनकडे बघत होत्या.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं," गुंजन म्हणाली, "तर तुम्ही दोन घागरे मागवले असते."

बाहेर माइकवर हरवलेल्या बांधवांचा पुकारा झाला. इल्डिको काळ्या सूटमध्येच व्हायोलिन घेऊन निघाली. काकूंनी खुर्चीवरची खंजिरी उचलली आणि ती वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या.