टोपीतलं अंडं

नवी गोष्ट लिहून झाली की प्रमोदिनीबाई ती एखाद्या शाळेत जाऊन वाचत आणि वाचताना मुलांचे पाय बघत. चेहऱ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. पाहुण्या बाई आल्या की पोरं शहाणा चेहरा करून बसतात, पायांना मात्र ते सोंग जमत नाही. ज्या वाक्याला पाय चुळबुळायला लागत, त्या वाक्यावर बाई पेन्सिलीनं काट मारत. लातुरात बसून त्यांनी मुलांसाठी जेवढी पुस्तकं लिहिली, ती सगळी अशी पायांनी तपासलेली होती.

यंदा मात्र शेवटचं वाक्य त्यांचं नव्हतं.

चार वर्षांत त्यांचं एकही पुस्तक निघालेलं नव्हतं. दुकानदार विचारत, “बाई, लिहिणं सोडलं का?” अशात पुण्याच्या प्रकाशकाकडून मुकुलचा फोन आला. मुकुल तिथला संपादक, वयानं त्यांच्या मुलाएवढा.

“ताई, गोष्ट झकास आहे. फक्त शेवटी तात्पर्य टाका. शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणारी समिती तात्पर्याशिवाय हात लावत नाही. आणि समितीनं घेतलं नाही, तर आमचे साहेब छापत नाहीत.”

“आजवर कधी टाकलं नाही रे मी.”

“एकच ओळ, ताई.”

पुस्तक निघावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि ओळ लिहून टाकली. तरी पाठवण्याआधी ती मुलांपुढं वाचायची सवय काही सुटेना. म्हणून एका सकाळी त्या निलंग्याच्या एसटीत बसल्या.

निलंग्याजवळच्या त्या शाळेतले धम्मदीप सर ओळखीचे होते. परिपाठ संपत आला होता. सरांनी पोरांना व्हरांड्यात सतरंजीवर बसवलं. “बाई गोष्ट वाचतील. गप ऐकायची. मी मोबाइलवर व्हिडिओ घ्यायलोय, पालकांच्या ग्रुपवर टाकायचाय.”

गोष्ट अशी होती. भामाबाई पिशवीत कोंबडी घालून निलंग्याहून लातूरला निघतात. कंडक्टर कोंबडीचंही तिकीट फाडतो. मुरुडचे एक आजोबा टोपी मांडीवर काढून ठेवून घोरत असतात. कोंबडी पिशवीतून निसटते, आजोबांच्या टोपीत जाऊन बसते आणि अंडं घालते. मग अंड्यावरून गाडीत भांडण पेटतं. ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो आणि म्हणतो, निकाल लागल्याशिवाय पुढं जाणार नाही.

पाय एकदाही चुळबुळले नाहीत. कोंबडी निसटली तेव्हा तर मागची रांग गुडघ्यांवर उभी राहिली.

बाईंनी शेवटचं पान उलटलं आणि वाचलं, “तात्पर्य: प्रामाणिकपणा हेच खरे धन.”

तो शब्द निघाला मात्र, सगळ्या पायांच्या मांड्या झाल्या. हाताच्या घड्या पडल्या. पहिल्या रांगेतली तनुजा ताडकन उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आता आजचे दिनविशेष!”

सर हसले. “बस, तनुजा. बाई, रोजच्या परिपाठात बोधकथेनंतर दिनविशेष असतात. तात्पर्य म्हटलं की पोरांच्या लेखी गोष्ट संपली.”

बाई हसल्या नाहीत. डोळ्यांपुढं ती गाडी अर्ध्या वाटेत अजून रस्त्याकडेला उभी होती, भांडण ऐन रंगात आलेलं होतं, आणि पोरं हाताची घडी घालून बसली होती. ते एका ओळीनं झालं होतं, आणि ती ओळ त्यांच्या अक्षरात होती.

“तात्पर्य मी माघारी घेतलं,” त्या म्हणाल्या. “गाडी तिथंच उभी हाय. अंडं कुणाचं, ते सांगा.”

पोरांनी सरांकडं बघितलं. सरांनी मान डोलावली.

“भामाबाईचं,” तनुजा म्हणाली. “कोंबडी तिची हाय की.”

“टोपी आजोबाची न्हाई का?” शिवम मागून ओरडला. “माझ्या शेतात कुणाच्या झाडाचा आंबा पडला तर म्या खातोच!”

“म्हणून तर तुझा काका तुमच्याशी सारखा भांडायलाय!” तनुजा म्हणाली.

“ए, काकाला मधी आणू नको, सांगून ठेवतो!”

“कंडक्टरचं हाय,” वीरेश म्हणाला. त्याचे वडील एसटीत होते. “तिकीट एका कोंबडीचं. अंडं बिगर तिकिटाचं आलंय. जप्त!”

“लई आला कंडक्टर! अंडं निलंग्यात बसलं व्हतं का? गाडीतच झालं की!”

सतरंजीवर आता एकही मांडी उरली नव्हती. सरांनी शाळेची घंटा दिली, ती कुणाला ऐकू गेली नाही. सर स्वतःच म्हणत होते, “अरे, पण कोंबडीला कुणी विचारलं का?”

परतीच्या गाडीत बाईंनी शेवटच्या पानावरची ओळ खोडली. त्या जागी लिहिलं, ‘अंडं कुणाचं? इथं लिहा.’ खाली पान कोरं सोडलं. त्या पानाचा फोटो आणि सरांनी घेतलेलं ते भांडण, दोन्ही मुकुलला पाठवलं. पुस्तक हातचं जाणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पाठवल्यावरही ते परत घ्यावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेथी निवडत असताना फोन वाजला.

“ताई, कंडक्टरचं कसं काय होईल?” मुकुलनं नमस्कारसुद्धा केला नाही. “तो पोरगा चुकतोय. तिकीट प्रवासाचं असतं, मालकीचं नसतं. इथं ऑफिसात सकाळपासून दोन तट पडलेत. साहेब टोपीवाल्याच्या बाजूचे.”

“आणि समिती?”

“त्यांनाही हेच पान पाठवतो. भांडू देत.”

“नाही घेतलं तर?”

“तर प्रती कमी निघतील. पण पुस्तक काढू, साहेबांना विचारलंय. ते म्हणाले, कोरं पान गाळायचं नाही.”

प्रमोदिनीबाईंनी मेथीची जुडी बाजूला सारली आणि खुर्ची ओढून नीट बसल्या.

“मग मला सांग,” त्या म्हणाल्या, “ज्यांची टोपी खराब झाली, त्या आजोबांना काहीच नाही?”